रोमची संत फ्रान्सिस्का आणि तिच्या सोबतिणी

महोत्सवाच्या ह्या वर्षीं आमचें मंदिर उभारणारांचें स्मरण सर्वत्र होत आहे, व तें योग्यच आहे. परंतु मंदिर दगडचुन्यानें उभें राहतें आणि प्रार्थनेनें जिवंत राहतें. आणि ही प्रार्थना घरोघरीं बहुतकरून स्त्रियांनींच राखिली आहे. म्हणून घरसंसार न सोडतां, मोजक्या बायकांच्या संगतीनें, जिनें प्रार्थनेचें फार मोठें कार्य केलें, त्या गृहिणीचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्रान्सिस्काचा जन्म इ. स. १३८४ मध्यें रोम शहरीं एका कुलीन घराण्यांत झाला. लहानपणापासून तिचा ओढा मठवासाकडे होता. परंतु वडिलांची इच्छा निराळी होती, आणि सुमारें बाराव्या वर्षीं तिचें लग्न लोरेन्झो पोन्त्सियानी ह्या सरदाराशीं झालें. तिबर नदीपलीकडील त्रास्तेवेरे भागांत त्यांचा मोठा वाडा होता. तेथें कशाचीच वाण नव्हती. तरी मेजवान्या व उंची वस्त्रें ह्यांमध्यें ती कोवळी सून आंतल्या आंत कोमेजूं लागली.

त्याच वाड्यांत तिची थोरली जाऊ व्हानोत्सा राहत असे. तिला धाकटीचें दुःख कळलें, आणि आपल्याही मनांत हीच ओढ आहे हें तिनें उघड केलें. जावाजावांचें वैर हें जगाच्या ओळखीचें आहे. ह्या दोघींचें सख्य मात्र देवावरील प्रीतींतून निर्माण झालें, म्हणून तें जन्मभर टिकलें. वाड्यांतच एक एकांताची जागा त्यांनीं प्रार्थनेसाठीं राखून ठेविली. दोघींनीं बरोबर मिस्सेला जावें, गरिबांना अन्न न्यावें, सांतो स्पिरितो रुग्णालयांतील रोग्यांची शुश्रूषा करावी, असा क्रम सुरू झाला. लोकांनीं नांवें ठेविलीं. परंतु त्यांच्या पतींनीं त्यांना अडविलें नाहीं.

ह्या प्रार्थनेमुळें घराकडे दुर्लक्ष झालें असें मात्र कोणी समजूं नये. सासूच्या पश्चात् वाड्याचा सारा कारभार फ्रान्सिस्काकडे आला व तो तिनें दक्षतेनें पाहिला. देवमातेच्या स्तोत्रांचा पाठ करीत असतां तिला एकाच ओळीवर चार वेळां घरकामासाठीं उठावें लागलें, आणि परत येऊन पाहते तों ती ओळ सुवर्णाक्षरांनीं लिहिलेली आढळली, अशी आख्यायिका आहे. गृहिणीनें कर्तव्यासाठीं सोडलेली प्रार्थना देव वाया जाऊं देत नाहीं, हाच तिचा अर्थ होय.

पुढें परीक्षेचे दिवस आले. पोपपदाविषयीं फूट पडून ख्रिस्तसभा दुभंगलेली होती, आणि नेपल्सचा राजा लादिस्लाव ह्याच्या फौजा रोमवर पुनःपुन्हां चालून येत होत्या. लढाईंत लोरेन्झो जबर जखमी झाला. मुलगा बात्तिस्ता ह्याला ओलीस म्हणून मागण्यांत आलें. वाडा लुटला गेला. त्यावर सांथ आली. तिनें एव्हान्जेलिस्ता हा दुसरा मुलगा नेला, आणि कांहीं काळानें कन्या आग्नेस हीसुद्धां मरण पावली. मातेचें काळीज फुटावें असाच हा प्रसंग. परंतु फ्रान्सिस्का एकटी नव्हती. व्हानोत्सा तिच्या शेजारीं गुडघे टेकून होती. दोघींनीं वाड्याचा दवाखाना केला, दागिने विकले, आणि तेंही संपल्यावर गरिबांसाठीं दारोदार भीक मागितली.

हें पाहून आणखी कांहीं स्त्रिया त्यांना येऊन मिळाल्या. सान्ता मरिया नोव्हा मंदिरांत त्या जमत, व तेथील ऑलिव्हेतन मठवासी त्यांना मार्ग दाखवीत. १५ ऑगस्ट १४२५ रोजीं, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणीं, ह्या सोबतिणींनीं स्वतःस देवमातेच्या सेवेस वाहून घेतलें. त्यांस ऑब्लेट, म्हणजे अर्पण झालेल्या, असें म्हणतात. अर्पणविधि झाल्यावर त्या आपापल्या घरीं परतल्या व आपापल्या चुलीपाशीं हें व्रत पाळूं लागल्या.

२५ मार्च १४३३ रोजीं तोर दे स्पेक्की येथें ह्या मंडळाचें घर सुरू झालें, आणि त्याच वर्षीं पोप चौथे युजीन ह्यांनीं त्यास मान्यता दिली. परंतु घर स्थापन करणारी स्वतः तेथें राहावयास गेली नाहीं. कारण लोरेन्झो आजारी होता. १४३६ सालीं तो निवर्तल्यावरच तिनें त्या घरीं एखाद्या नवख्या स्त्रीप्रमाणें नम्रपणें प्रवेश मागितला. पुढें सोबतिणींनीं तिलाच प्रमुख केलें. आजारी बात्तिस्ताच्या भेटीस गेली असतां त्या जुन्या वाड्यांतच तिला दुखणें जडलें, आणि ९ मार्च १४४० रोजीं तिनें देह ठेविला. १६०८ सालीं पोप पांचवे पॉल ह्यांनीं तिला संतपद दिलें.

भगिनींनो, ह्या चरित्रांत आम्हांस विशेष वाटतें तें हें, कीं एवढ्या मोठ्या कार्याचा आरंभ केवळ दोघींनीं केला. एकटीची प्रार्थना दुःखाच्या उन्हांत सुकते. शेजारीं दुसरी बसली म्हणजे तिला ओलावा मिळतो. आपल्याकडे जपमाळेसाठीं जमणाऱ्या बायका थोड्या असतात, कधीं गप्पाच अधिक होतात, कधीं कामाच्या घाईंत कोणीच येत नाहीं. तरी जमणें सोडूं नका. आपल्या जावेला, सुनेला, शेजारणीला हांक मारा. आणि जिच्या घरीं नुकतेंच दुःख झालें असेल, तिच्या घरीं आधीं जा. रोमची संत फ्रान्सिस्का आमच्या सर्व गृहिणींसाठीं देवाजवळ विनंती करो.