सलग दोनदा रणजी जिंकलेला महाराष्ट्राचा संघ नंतर मागे का पडला? गोष्ट प्रा. देवधरांची

सानपाड्याच्या एखाद्या मैदानावर नेटमध्ये घाम गाळणारा मुलगा रणजी खेळायचं स्वप्न बघतो, ते मुंबईच्या संघातून. कारण नवी मुंबई मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येते. तोच मुलगा घाट चढून लोणावळ्याला राहायला गेला, की तो महाराष्ट्राच्या संघाचा होतो. आणि नागपूरला गेला, तर विदर्भाचा.

एकाच राज्यात रणजीचे तीन संघ. यातल्या मुंबईच्या नावावर २०२४ पर्यंत ४२ विजेतेपदं आहेत. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडक उचलला. महाराष्ट्राच्या नावावर मात्र दोनच, १९३९-४० आणि १९४०-४१. म्हणजे सलग दोन आणि त्यानंतर एकही नाही.

एकेकाळी सगळ्यांना धाक असलेल्या या संघाचं नेमकं काय झालं? हे समजून घ्यायचं तर एका संस्कृतच्या प्राध्यापकाची गोष्ट बघावी लागते. ते म्हणजे दिनकर बळवंत देवधर.

कसोटी न खेळलेला मोठा खेळाडू

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्यातला. ते एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि उरलेला वेळ मैदानावर असायचे. तेव्हा भारताला कसोटीचा दर्जा नव्हता, रणजी सुरू झाली नव्हती, क्रिकेट बोर्डही नव्हतं. सगळ्यात मोठी स्पर्धा होती ती मुंबईची, धर्मानुसार संघ पाडून खेळवली जाणारी. देवधर तिथे हिंदूंच्या संघातून खेळत.

१९२६-२७ च्या मोसमात आर्थर गिलिगन यांचा एमसीसीचा संघ भारतात आला. मुंबईत झालेल्या सामन्यात देवधरांनी अखिल भारतीय संघाकडून १४८ धावा काढल्या. भारतातले खेळाडू इंग्लंडच्या गोलंदाजीला पुरून उरू शकतात, हे याच दौऱ्याने दाखवून दिलं. १९२८ मध्ये बोर्ड स्थापन झालं आणि १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळला.

पण तोवर देवधर चाळीस वर्षांचे झाले होते. कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. एरवी खेळाडूची गोष्ट इथे संपते. देवधरांच्या बाबतीत खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

पन्नाशीकडे झुकलेला कर्णधार आणि पोरसवदा संघ

१९३४-३५ मध्ये रणजी करंडक सुरू झाला. पहिली दोन वर्षं मुंबई जिंकली. पुढे नवानगर, हैदराबाद आणि बंगाल यांनी एकेकदा बाजी मारली. महाराष्ट्र तेव्हा दादा संघांमध्ये मोजला जात नव्हता.

१९३९-४० मध्ये चित्र बदललं. कर्णधार देवधर ४७ वर्षांचे होते. त्यांच्या हाताखाली सांगलीचे विजय हजारे होते, वय २४. चेंडू आणि बॅट दोन्ही हाताळणारे रंगा सोहोनी होते, वय २१. पुढच्या मोसमात सदाशिव शिंदे नावाचा १७ वर्षांचा लेगस्पिनरही आला.

त्या पहिल्या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारेंनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतलं हे पहिलं त्रिशतक. नागरवाला यांच्यासोबत त्यांनी नवव्या विकेटसाठी २४५ धावा जोडल्या. अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशला, दहा विकेट्सनी हरवून महाराष्ट्राने करंडक घेतला.

दुसऱ्या वर्षी मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, त्यातल्या २४६ एकट्या देवधरांच्या. वय वर्षं ४८! मुंबईने ६५० पर्यंत पाठलाग केला. पहिल्या डावातल्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. नंतर नॉर्दर्न इंडियाविरुद्ध ७९८ धावांचा डोंगर रचला आणि मद्रासमध्ये मद्रासलाच हरवून करंडक राखला.

आता हा संघ दहा वर्षं तरी राज्य करणार, असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच.

पहिलं कारण : खेळाडू पोटामागे गेले

तेव्हा क्रिकेट खेळून पोट भरत नव्हतं. नोकरी देणारा कुणीतरी लागायचा. महाराष्ट्राच्या असोसिएशनकडे ती ताकद नव्हती, संस्थानिकांकडे होती.

हजारे १९४१ मध्ये बडोद्याकडे गेले आणि पुढची वीस वर्षं तिथूनच खेळले. १९४२-४३ मध्ये बडोद्याने रणजी जिंकली. चंदू सरवटे महाराष्ट्राकडून खेळून इंदूरच्या होळकर संघात गेले. सोहोनी पुढे मुंबई आणि बडोद्याकडून खेळले. शिंदेही बडोदा आणि मग मुंबईकडे गेले.

थोडक्यात, महाराष्ट्राने घडवलेले खेळाडू शेजाऱ्यांना करंडक जिंकून देत होते. होळकर संघाने तर १९४४-४५ ते १९५४-५५ या काळात दहा अंतिम सामने खेळले आणि त्यातले चार जिंकले.

दुसरं कारण : बॅटिंग उरली, बोलिंग गेली

१९४८-४९ चा मोसम बघितला की हे लख्ख दिसतं. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर यांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. महाराष्ट्राची धावसंख्या होती ४ बाद ८२६.

त्याच मोसमात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या आणि तरीही ३५४ धावांनी सामना गमावला. कारण मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ असा धावांचा पाऊस पाडला होता. दोन डावांत हजाराच्या वर धावा काढून संघ हरतो, तेव्हा दुखणं फलंदाजीत नसतं. हजारे, सोहोनी, शिंदे हे तिघंही गोलंदाजी करायचे. त्यांच्या जागी तसे बोलर उभे राहिले नव्हते.

तिसरं कारण : शेजारी मुंबई आणि स्पर्धेची रचना

संस्थानं गेली, पण खेळाडूंचं जाणं थांबलं नाही. आता ओढ मुंबईची होती. तिथे कंपन्यांच्या नोकऱ्या होत्या, टाइम्स शील्ड होती, पावसाळ्यात कांगा लीग होती. मद्रास कसोटीत सलग २१ निर्धाव षटकं टाकणारे नाशिकचे बापू नाडकर्णीही महाराष्ट्राकडून सुरुवात करून मुंबईकडे गेले. पुण्याचे चंदू बोर्डे बडोद्याकडून खेळले, ते १९६४ मध्ये महाराष्ट्राकडे परतले.

त्यात स्पर्धेचे नियम आडवे आले. १९५७-५८ पासून रणजीत प्रत्येक विभागात साखळी सामने होऊ लागले आणि विभागातला फक्त पहिला संघ पुढे जायचा. पश्चिम विभागात मुंबई होती आणि मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी जिंकली. म्हणजे महाराष्ट्र विभागात दुसरा आला तरी घरी.

१९७०-७१ मध्ये नियम बदलला, विभागातले पहिले दोन संघ पुढे जाऊ लागले. गंमत बघा, त्याच वर्षी महाराष्ट्र थेट अंतिम सामन्यात पोहोचला. मुंबईचे वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर तेव्हा वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते. तरीही मुंबईच जिंकली. मुख्य खेळाडू नसतानाही जिंकणारी दुसरी फळी हीच तर महाराष्ट्राकडे १९४१ नंतर नव्हती.

हे फक्त आपल्याकडेच झालं का?

नाही. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलचं प्रचंड वेड आहे. हा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा त्यांचा वेगळा खेळ. तिथे मिनेसोटा विद्यापीठाने प्रशिक्षक बर्नी बीअरमन यांच्या काळात १९३४ ते १९४१ मध्ये पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. शेवटची दोन १९४० आणि १९४१ ची, म्हणजे देवधरांच्याच काळातली. मग बीअरमन युद्धासाठी सैन्यात गेले. परत आले, पण ते दिवस परत आले नाहीत. त्यानंतर मिनेसोटाच्या वाट्याला १९६० चं एकच राष्ट्रीय विजेतेपद आलं.

एका माणसाच्या पकडीवर आणि चार-पाच खेळाडूंवर उभा राहिलेला संघ शिखर लवकर गाठतो. पण माणसं हलली की त्यांच्यामागे भरती करणारी यंत्रणा नसेल, तर घसरणही तितकीच लवकर होते.

देवधरांचं पुढे काय झालं?

देवधर थांबले नाहीत. १९४४ मध्ये वयाची बावन्न वर्षं ओलांडल्यावर त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं ठोकली. ते निवृत्त झाले, तेव्हा ८१ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या नावावर ४५२२ धावा होत्या. पुढे त्यांनी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं अध्यक्षपद सांभाळलं, राष्ट्रीय निवड समितीवर काम केलं. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनमध्ये देश गाजवला. १९६५ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक सुरू झाला.

१९९२-९३ मध्ये महाराष्ट्र पुन्हा रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि लुधियान्यात पंजाबकडून हरला. देवधर तेव्हा शंभरी पार केलेले होते. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्राने आणखी एकदा अंतिम फेरी गाठली, तेव्हा कर्नाटक आडवं आलं.

दरम्यान होळकर संघ १९५५ मध्ये इतिहासजमा झाला. त्याचा वारसा सांगणाऱ्या मध्य प्रदेशाला करंडकासाठी २०२२ पर्यंत थांबावं लागलं. विदर्भाने तर सहा दशकं हात हलवत परतल्यावर २०१८ च्या पहिल्याच दिवशी पहिला करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी तो राखलाही. त्यामुळे महाराष्ट्राची वाट कायमची बंद झालीय असं नाही. फक्त या वेळी एका देवधरांवर भागणार नाही. त्यांच्यानंतरही घडलेल्या पोरांना इथेच थांबावंसं वाटेल, अशी सोय लागेल.