रेव्हरंड टिळकांचा दरबार

टिळक म्हटले की आपल्याला प्रथम लोकमान्य आठवतात. त्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, तशाच चित्पावन कुळातले आणि वयाने पाच वर्षांनी धाकटे दुसरे टिळक म्हणजे कवी नारायण वामन. फुलामुलांचे कवी म्हणून क्रमिक पुस्तकांतून ते घरोघर पोहोचले. त्यांच्या धर्माची गोष्ट मात्र पुष्कळ घरांत आवाज उतरवून सांगितली जाई. मनातली श्रद्धा चारचौघांत कशी वागवावी, हा प्रश्न आजही मिटलेला नाही. टिळकांनी त्याचे उत्तर मोठी किंमत मोजून शोधले.

त्यांचा जन्म १८६१ साली करजगावचा. संस्कृत आणि काव्य यांचा अभ्यास नाशकात झाला. पुढे नागपुरास श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथांचे काम त्यांनी केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक काढले. १८९३ मध्ये नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे निघाले असता आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाची गाठ पडली. त्याने बायबलचा ‘नवा करार’ हाती दिला. येशूचे गिरिप्रवचन वाचून टिळकांच्या मनाने ठाव घेतला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तो दिवस घरावर आकाश कोसळावे तसा आला. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या, तरी आरंभी आपले पाणी आणि चूल त्यांनी निराळीच ठेवली. टिळकांनी धर्मासाठी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाचा कौल घेऊन. हा सारा प्रवास त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आला आहे.

एकीकडे आप्तांनी पाठ फिरवली. दुसरीकडे ज्या ख्रिस्ती समाजात टिळक गेले, त्याचे बरेचसे सूर परके होते. विलायती चालींवर मराठी शब्द बसवून गाणी म्हटली जात. गाणाऱ्यास यातली अडचण चटकन समजेल. चालीच्या हट्टापायी ऱ्हस्व अक्षर ओढावे लागते, दीर्घ अक्षर गिळावे लागते, आणि शब्द कानावर पडूनही अर्थ मनात उतरत नाही. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, भजनाचा ठेका घेतला. नगरच्या मुक्कामात त्यांनी ख्रिस्तचरित्रावर कीर्तने केली. ‘उपासनासंगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. धर्म बदलला म्हणून त्यांनी भाषा टाकली नाही, आणि देशही टाकला नाही. आपल्या देशप्रेमाच्या कविता त्यांनी ख्रिस्ती म्हणूनच लिहिल्या. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. पण धर्मांतराची अट कधी आड आली नाही, आणि बालकवी हिंदूच राहिले.

तरीही एक काटा सलत होता. ख्रिस्ती धर्म हा त्या काळी राज्यकर्त्यांचा धर्म होता, आणि टिळकांचा चरितार्थ परदेशी मिशनच्या पगारावर चाले. सत्तेच्या आणि पैशाच्या पाठबळाने बोलणाऱ्याची श्रद्धा कितीही खरी असली, तरी ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहतेच. हे ओळखून १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

संस्थानी शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना दरबार म्हणजे काय हे सांगावयास नको. कोण कोणत्या रांगेत, कोणाचा मुजरा आधी, कोणाला किती अंतरावर जागा, यातच अर्धी दरबारी रीत असे. टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्या लक्ष्मीबाईंनी एके काळी त्यांच्या धर्मापायी संसार मोडलेला पाहिला, त्यांनीच पुढे त्यात ६४ अध्यायांची भर घातली.

२६ जानेवारी १९५० पासून आपल्या राज्यघटनेने प्रत्येकास आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि सांगण्याचा हक्क दिला आहे. तो सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. राज्यसत्ता आणि धर्म यांत अंतर असावे, हे आपण कायद्याने स्वीकारले. त्याच्या तेहतीस वर्षे आधी टिळकांनी आपल्यापुरते ते अंतर पाडले होते. त्यांनी श्रद्धा देवघरात कोंडली नाही, आणि तिच्यासाठी सरकारचा आधारही मागितला नाही. भर चौकात उभे राहून, सर्वांना कळेल अशा भाषेत ते बोलले. पटले तर घ्यावे, न पटले तर सोडावे, एवढी मोकळीक ऐकणाऱ्याला ठेवून. बहुसंख्य असो की अल्पसंख्य, कोणत्याही धर्माच्या माणसाने सार्वजनिक जीवनात असेच उभे राहावे; आणि आपणही त्याला तसे उभे राहू द्यावे. पूर्वी घरात जी गोष्ट आवाज उतरवून सांगितली जाई, ती आता मोकळ्या आवाजात सांगण्यास हरकत नसावी.