निल्स बोलिन

निल्स इव्हार बोलिन (जन्म : १७ जुलै १९२०, हेर्नोसांड, स्वीडन, मृत्यू : २१ सप्टेंबर २००२) हे स्वीडिश यंत्र अभियंता आणि संशोधक होते. आज मोटारींमध्ये सर्वत्र आढळणारा तीन टोकांचा सीट बेल्ट त्यांनी १९५९ साली व्होल्व्हो या कंपनीत विकसित केला. त्यांचा उल्लेख अनेकदा सीट बेल्टचे जनक असा केला जातो, परंतु तो काटेकोर नाही. पट्टे त्यांच्या आधीही होते. ते शरीरावरून कसे न्यावेत, कोठे अडकवावेत आणि धडकेचा भार शरीराच्या कोणत्या भागांवर पडू द्यावा, हा प्रश्न बोलिन यांनी सोडवला.

प्रारंभिक जीवन आणि विमानक्षेत्रातील कार्य

बोलिन यांनी हेर्नोसांड येथे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९३९ मध्ये पदविका मिळवली. १९४२ मध्ये ते साब या विमाननिर्मिती कंपनीत आरेखक म्हणून रुजू झाले. साबच्या तत्कालीन एका लढाऊ विमानाचा पंखा वैमानिकाच्या पाठीमागे होता. संकटकाळी वैमानिकाने उडी मारलीच, तर तो त्या पंख्यात सापडण्याचा धोका असे. त्यामुळे वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेकडे साबने फार लवकर लक्ष दिले. अशा आसनांच्या विकासात बोलिन यांचा सहभाग होता. प्रचंड वेगबदल सोसताना मानवी देह कोठे टिकतो आणि कोठे मोडतो, याचे ज्ञान त्यांना तेथे मिळाले.

व्होल्व्होमधील नियुक्ती

१९५८ मध्ये व्होल्व्होचे अध्यक्ष गुन्नार एंगेलाउ यांनी बोलिन यांना सुरक्षा अभियंता म्हणून पाचारण केले. एंगेलाउ यांच्या एका नातलगाचा मोटार अपघातात मृत्यू झाला होता आणि त्या वेळच्या पट्ट्याची सदोष रचना त्याला काही अंशी कारणीभूत होती, असे सांगितले जाते. माणसाला यंत्राबाहेर फेकण्याची विद्या शिकलेल्या अभियंत्याकडे आता माणसाला यंत्रातच धरून ठेवण्याचे काम आले. अडचण आणखी एक होती. वैमानिक जिवाच्या भीतीने कितीही जाचक साज अंगावर चढवतो, पण बाजारहाटाला निघालेला मोटारचालक क्षणभराचीही गैरसोय सहन करत नाही. पट्टा कितीही भक्कम असला, तरी तो बांधला गेला नाही तर निरुपयोगीच. म्हणून तो एका हाताने आणि सहज बांधता आला पाहिजे, ही अट बोलिन यांनी रचनेच्या मुळाशीच ठेवली.

तीन टोकांच्या पट्ट्याची रचना

त्या काळी मोटारींत मुख्यतः दोन प्रकारचे पट्टे वापरात होते. केवळ कमरेवरून जाणारा पट्टा धड पुढे फेकले जाणे रोखू शकत नसे. डोके व छाती सुकाणूचक्रावर आदळत आणि पोटातील अवयवांना इजा होई. खांद्यावर झोळी अडकवावी तसा छातीवरून तिरका जाणारा पट्टा वरचे धड धरी, परंतु खालून शरीर निसटण्याची शक्यता राही. शिवाय त्याची कडी बरगड्यांजवळ येत असल्याने तीच इजा करू शके. अमेरिकेत रॉजर ग्रिस्वोल्ड आणि ह्यू डीहेवन यांना तीन टोकांच्या पट्ट्याचे एकस्व १९५५ मध्येच मिळाले होते, पण त्यांच्या रचनेत पट्ट्यांचा सांधा पोटासमोर येत होता.

बोलिन यांनी कमरेचा आणि छातीवरचा पट्टा एकत्र आणून त्यांचा सांधा आसनाच्या बाजूला, नितंबाजवळ खाली नेला. त्यामुळे दोन्ही पट्टे मिळून जमिनीकडे टोक असलेला कोन तयार झाला. धडकेच्या वेळी हा कोन जागचा हलत नाही आणि भार मऊ पोटावर न पडता कटीची हाडे, बरगड्या व खांदा या मजबूत भागांवर विभागला जातो. सारी किमया या भूमितीत आहे. पट्ट्याच्या कापडात नाही.

१३ ऑगस्ट १९५९ रोजी असा पट्टा बसवलेली पहिली मोटार, व्होल्व्हो पीव्ही ५४४, स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड येथील विक्रेत्याकडे पोहोचली. अमेरिकेतील एकस्व १० जुलै १९६२ रोजी मंजूर झाले. व्होल्व्होने मात्र ही रचना इतर उत्पादकांनाही वापरण्यास मोकळी ठेवली. तिचा जगभर प्रसार होण्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

अठ्ठावीस हजार अपघातांचा अभ्यास

रचना सिद्ध झाली, तरी लोकांची अनिच्छा कायम होती. पट्ट्यामुळे माणूस जळत्या गाडीत अडकून पडेल, त्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा, अशा समजुती सर्रास प्रचलित होत्या. त्यांना उत्तर म्हणून स्वीडनमधील व्होल्व्हो मोटारींच्या सुमारे २८,००० अपघातांची माहिती गोळा करण्यात आली. बोलिन यांनी तिचे विश्लेषण १९६७ मध्ये अमेरिकेतील एका परिषदेत मांडले. पट्टा न बांधलेल्या व्यक्तींचे मृत्यू कमी-अधिक सर्वच वेगांत झाले होते. पट्टा बांधलेल्यांपैकी मात्र ताशी ६० मैलांपेक्षा (सुमारे ९६ किलोमीटर) कमी वेगाच्या अपघातात एकही व्यक्ती दगावलेली नव्हती.

पट्टा वापरण्याची सक्ती करणारे पहिले राज्य ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया होय (१९७०). स्वीडनमध्ये पुढील आसनांसाठी ही सक्ती १९७५ मध्ये आली.

रचनेतील पुढील सुधारणा

१९५९ च्या पट्ट्याची लांबी हाताने जुळवावी लागे. तो सैल राहिला, तर शरीर आधी पुढे सरके आणि मग हिसक्याने थांबे. धक्का बसताच आपोआप अडकणाऱ्या गुंडाळीने हा दोष बराच कमी केला. तरीही जाड कपडे किंवा सैल बसणे यांमुळे काही ढिलाई उरतेच. ती काढण्यासाठी प्रीटेन्शनर आला. धडकेची जाणीव होताच त्यातील छोटा स्फोटक भार पेटतो आणि वायूच्या दाबाने काही सहस्रांश सेकंदांत पट्टा आवळला जातो. मर्सिडीज-बेंझने १९८०-८१ च्या सुमारास आपल्या एस-क्लास मोटारीत तो आणला. आवळलेला पट्टा बरगड्या मोडू नये म्हणून ठरावीक ताणानंतर तो किंचित सोडणारी योजनाही पुढे जोडण्यात आली. ही उपकरणे बोलिन यांची नव्हेत, पण ती आजही त्यांच्याच भूमितीवर बसवली जातात. भूमिती चुकली, तर पट्टा आवळल्याने इजा वाढेल.

उत्तरायुष्य आणि सन्मान

१९६९ पासून बोलिन यांनी व्होल्व्होच्या केंद्रीय संशोधन व विकास विभागाचे प्रमुखपद सांभाळले. बाजूने होणाऱ्या धडकेपासून संरक्षणाच्या कामातही त्यांनी लक्ष घातले. १९८५ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी जर्मन एकस्व कार्यालयाने मागील शंभर वर्षांतील मानवजातीला सर्वाधिक उपयुक्त ठरलेल्या आठ शोधांत त्यांच्या पट्ट्याची गणना केली. स्वीडनच्या राजकीय अभियांत्रिकी विज्ञान अकादमीने १९९५ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये १९९९ साली, तर नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये २००२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, त्यांचा समावेश झाला.