ऑइल कॅच कॅनमध्ये जमणाऱ्या काळ्या तेलामागे अननसावर रिसर्च करणारा एक प्राध्यापक आहे

टर्बो गाडीला ऑइल कॅच कॅन बसवलेला कुणी मित्र असेल, तर त्याने तुम्हाला डब्यात साचलेल्या तेलाचा फोटो एकदा तरी पाठवलेलाच असतो. काळपट, चिकट, थोडं पाणी, थोडं पेट्रोल. हे सगळं इंजिन पिणार होतं, असं तो अभिमानाने सांगतो.

पण मुळात इंजिन हे का पितं? हा घाणेरडा वायू थेट बाहेर का सोडून देत नाहीत?

पूर्वी तसंच करायचे. ते बंद होण्यामागे ज्या माणसाचं संशोधन होतं, त्याचं नाव आरी यान हागेन-स्मिट. गंमत म्हणजे त्याचा गाड्यांशी काडीचा संबंध नव्हता.

हागेन-स्मिट यांचा जन्म १९०० सालचा, नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहरातला. वडील टांकसाळीत केमिस्ट होते. मुलगाही केमिस्ट्रीकडेच वळला, पण त्याला ओढ होती वनस्पतींची. झाडं कशी वाढतात, फुलाफळांना वास कशामुळे येतो, हे त्यांचे विषय. १९३६ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला आले आणि १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथल्या कॅलटेकमध्ये रुजू झाले. तिथे त्यांनी अननसाचा वास नेमका कोणत्या रसायनांमुळे येतो, यावर काम सुरू केलं.

इकडे शेजारच्या लॉस एंजेलिसची हवा बिघडत चालली होती. जुलै १९४३ मध्ये तर इतका दाट धूर पसरला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसा जळायला लागला. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय अशीही शंका काहींना आली.

युद्ध संपलं, पण धूर गेला नाही. शेतातल्या पालकाची पानं करपायला लागली. लंडनसारख्या शहरांत कोळशाच्या धुरातलं गंधक त्रास द्यायचं, म्हणून इथेही त्यालाच दोषी धरलं गेलं. अडचण एवढीच होती की लॉस एंजेलिसमध्ये कोळसा फारसा जाळलाच जात नव्हता.

मग प्रशासनाने हागेन-स्मिट यांना गाठलं. अननसाचा वास पकडण्यासाठी ते जी पद्धत वापरायचे, तीच त्यांनी शहराच्या हवेला लावली. हजारो घनफूट हवा अतिथंड नळ्यांमधून खेचली. नळ्यांमध्ये उरले ते उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे काही थेंब. त्यांची तपासणी केल्यावर त्यात अर्धवट ऑक्सिडीकरण झालेली पेट्रोलियमची रसायनं सापडली.

१९५० च्या सुमारास त्यांनी कोडं सोडवलं. गाड्यांतून आणि रिफायनरीतून हायड्रोकार्बन बाहेर पडतात, इंजिनातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात. या दोघांवर कडक ऊन पडलं की ओझोन आणि डोळ्यांना झोंबणारी इतर रसायनं तयार होतात. बंद खोलीत हेच मिश्रण बनवून त्यांनी झाडांची पानं करपवून दाखवली. ओझोनने रबराला चिरा पडतात, म्हणून ओझोन मोजायला रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या वापरल्या.

थोडक्यात, शहराचा श्वास कोंडणारा आरोपी प्रत्येकाच्या अंगणातच उभा होता.

हे कुणाला पटणार? तेल कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या अभ्यासातल्या संशोधकांनी त्यांचे निष्कर्ष चुकीचे ठरवले. हागेन-स्मिट यांना हे चांगलंच लागलं. वासांचा रिसर्च बाजूला पडला आणि उरलेलं आयुष्य त्यांनी हवेला दिलं. पुढे त्यांचंच म्हणणं खरं ठरलं.

आता येतो कॅच कॅनचा मुद्दा.

इंजिनात स्फोट झाला की थोडा वायू पिस्टन रिंगच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात. तो बाहेर काढला नाही तर आत दाब वाढून ऑइल सील गळायला लागतात. जुन्या गाड्यांत त्यासाठी एक नळी रस्त्याकडे सोडलेली असायची. गाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी साधारण २० टक्के या एका नळीतून जायचे.

उपाय सोपा होता. हा वायू एका व्हॉल्व्हमधून परत इंजिनात ओढून जाळायचा. यालाच पीसीव्ही म्हणतात. कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये ही यंत्रणा सक्तीची केली आणि १९६३ च्या मॉडेलपासून ती लागू झाली. गाड्यांचं प्रदूषण रोखण्यासाठी अमेरिकेत सक्तीचं झालेलं हे पहिलं तंत्रज्ञान. तेव्हा राज्याच्या वाहन प्रदूषण मंडळावर हागेन-स्मिट सदस्य होते.

१९६८ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यांना नव्या एअर रिसोर्सेस बोर्डाचं पहिलं अध्यक्षपद दिलं. १९७३ मध्ये धोरणावरून मतभेद झाले आणि रेगन यांनीच त्यांना काढलं. त्याच वर्षीचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स मात्र त्यांना मिळालं. १९७७ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने त्यांचं निधन झालं.

पीसीव्हीने हवा वाचवली, पण वायूसोबत तेलाचे बारीक कणही इंजिनात जायला लागले. टर्बो गाडीत सिलिंडरमधला दाब जास्त, त्यामुळे ब्लो-बायही जास्त. ते तेल टर्बोच्या पंख्यावर आणि इंटरकूलरमध्ये बसतं. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात तर व्हॉल्व्ह धुवायला पेट्रोलही येत नाही, मग तिथे कार्बनचा थर चढतो. कॅच कॅन हे तेल वाटेतच अडवतो.

फक्त बसवताना एक गोष्ट बघा. कॅनमधून निघणारी दुसरी नळी परत इनटेकलाच जोडलेली हवी. टर्बो बूस्ट देत असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये उलटा दाब असतो. त्या वेळी हा वायू टर्बोच्या आधीच्या पाइपमध्ये जातो, त्यामुळे तो मार्गही बंद करून चालत नाही. काही जण कॅनवर छोटा फिल्टर लावून वायू मोकळा सोडतात. भारतातल्या बीएस नियमांनुसार पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधला वायू बाहेर सोडायला परवानगी नाही. आणि तो फिल्टर म्हणजे रस्त्याकडे सोडलेली तीच जुनी नळी, फक्त बॉनेटखाली लपवलेली.

डब्यातलं तेलही गटारात ओतू नका, गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात टाका.