पंडिता रमाबाई: बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना 'कृपा' कशी उमगली?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव नावाचं स्टेशन आहे. पंडिता रमाबाईंनी इथे उभारलेल्या संस्थेचं नाव 'मुक्ती'. तिच्यातल्या एका घराचं नाव होतं 'कृपासदन'. समाजाने 'पतित' म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांसाठी ते घर होतं.

मुक्ती आणि कृपा. रमाबाईंचं आयुष्य समजून घ्यायचं तर हे दोन शब्द समजून घ्यावे लागतात. कारण बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांना त्यांचा अर्थ लगेच सापडला नव्हता.

पुण्य कमावण्यात गेलेलं बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं होतं. बाईला संस्कृत शिकवणं ही त्या काळी वादाची गोष्ट होती. आईकडून ती विद्या रमाबाईंकडे आली.

हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. उपास, व्रतं, दानधर्म यांत काही कमी ठेवलं नाही. जवळचे पैसेही पुण्यासाठी खर्च झाले. मग १८७०च्या दशकात दुष्काळ आला. उपासमारीत आई, वडील आणि मोठी बहीण गेली.

उरलेले भाऊ-बहीण चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण पुढच्या चार वर्षांत भाऊ गेला, लग्न झालं आणि पती बिपिनबिहारी मेधावीही कॉलऱ्याने गेले. मागे राहिली लहानगी मनोरमा.

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगासमोर स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

लंडनमधलं एक घर

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज इथल्या सिस्टर्सकडे राहिल्या. या सिस्टर्सचं लंडनच्या फुलम भागात एक घर होतं. 'वाईट मार्गाला लागलेल्या' म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे नव्याने उभं राहायला मदत मिळायची.

रमाबाईंना हे नवीन होतं. अशा बाईला परत माणसांत आणायचं असतं, हा विचारच त्यांनी आधी पाहिला नव्हता. याचं कारण विचारल्यावर त्यांना बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. लोक जिला नावं ठेवत, तिच्याशी येशू विहिरीवर स्वतःहून बोलतो, अशी ती गोष्ट.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. पण चर्च सांगेल ते मुकाट्याने मानणं रमाबाईंना जमलं नाही. त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या शिक्षिकांशीही सिद्धांतांवरून लांबलचक वाद घातले.

नेमकं काय बदललं?

अमेरिकेत मदत उभी करून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवलं. काम जोरात होतं. मनाला मात्र शांती नव्हती.

१८९१च्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन आलं. हा माणूस कित्येक वर्षं चर्चचं काम करत होता आणि एके दिवशी स्वतःच प्रवचन देताना त्याचं मन पालटलं. रमाबाईंना यात आपलंच चित्र दिसलं. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही, असं त्यांना जाणवलं.

ख्रिस्ती शिकवणीत पाप म्हणजे नुसती चुकांची यादी नसते. ती माणसाला देवापासून तोडणारी अवस्था असते आणि स्वतःच्या बळावर त्यातून सुटता येत नाही. कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेली क्षमा. येशूच्या क्रुसावरच्या मरणाने ही क्षमा शक्य झाली आणि विश्वासाने ती स्वीकारली की नवं जीवन सुरू होतं, असं ख्रिस्ती मानतात. चांगलं काम ही त्या क्षमेची किंमत नसते, तिचं फळ असतं.

जिच्या घरच्यांनी पुण्य साठवता साठवता सगळं गमावलं होतं, तिच्यासाठी हा फार मोठा दिलासा होता.

किंमत आणि फळ

हा बदल लपून राहिला नाही. रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथे येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. धर्माबाबत तटस्थ राहू म्हणणाऱ्या संस्थेत हे व्हायला नको होतं, असं टीकाकारांचं म्हणणं होतं. रमाबाईंचं म्हणणं होतं की सक्ती कुणावरच नव्हती.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी तिथून सुमारे ३०० मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं.

इथे फरक दिसतो. शारदा सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. मुक्तीत जात विचारली गेली नाही. अनाथ आल्या, अंध आल्या, फसवल्या गेलेल्या आल्या. १९००च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामं बायकाच करत. कृपा लायकी पाहून मिळत नसेल, तर दाराशी लायकी तपासायची कशाला?

शेवटची वर्षं रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करण्यात घालवली. कमी शिकलेल्या बाईलाही तो वाचता यावा, हा हेतू होता. छपाई मुक्तीतच झाली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी, रमाबाईंचं निधन झालं.

केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.