'विद्यार्थी' नावाने लिहिणारे गॉसेट

या वेळी आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत ते 'स्टुडंट', म्हणजे 'विद्यार्थी', या नावाने लिहीत. खरे नाव विल्यम सीली गॉसेट.

त्यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. ऑक्सफर्डला रसायनशास्त्र व गणित शिकून १८९९ साली ते डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीला लागले. ही कंपनी बिअर बनवते. (हे वाचताना वर्गात हशा झाला!) तिथे बार्लीचे प्रयोग चालत, पण दर वेळी हाती आकडे थोडेच येत. तेव्हाची सूत्रे भरपूर आकड्यांसाठी होती. थोड्या आकड्यांवर कितपत भरवसा ठेवावा, हा गॉसेट यांचा प्रश्न होता.

संगणक नव्हताच. त्यांनी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारचे ७५० गट केले! १९०८ साली त्यांचा लेख 'बायोमेट्रिका'त आला. कंपनी स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून हे टोपणनाव. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी ते वारले.

त्या लेखात दहा रुग्णांना दोन औषधांनी किती जादा झोप लागली याचे आकडे आहेत. 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत 'स्लीप' टाईप केले की तेच आकडे समोर येतात. त्यांच्यासाठी आम्ही एक फंक्शन लिहिले. फंक्शन म्हणजे आईच्या वहीतली पाककृती: एकदा लिहायची, नाव द्यायचे, मग हवे ते आकडे आत घालायचे. आमची कृती अशी: दोन औषधांतल्या फरकांची सरासरी काढा (१.५८ तास). फरक किती विखुरलेत ते, म्हणजे प्रमाण विचलन, काढा (१.२३). त्याला दहाच्या वर्गमुळाने भागा. आलेल्या उत्तराने सरासरीला भागा.

आधी आम्ही वर्गमूळ विसरलो आणि उत्तर १.२८ आले. (गंमत म्हणजे गॉसेट यांच्या मूळ सूत्रातही ते वर्गमूळ नव्हते. आजचे रूप पुढे रोनाल्ड फिशर यांच्यामुळे आले.) दुरुस्तीनंतर ४.०६ आले. औषधे सारखीच असती, तर योगायोगाने इतका फरक हजारात जेमतेम तीनदा दिसला असता. दहाच माणसे, तरी एवढे सांगता येते!

'आर'मध्ये यासाठी 'टी टेस्ट' हे तयार फंक्शनही आहे. त्याचेही उत्तर ४.०६. त्याचे मदतपान उघडले, तर मथळ्यात गॉसेट हे नाव नाही, 'स्टुडंट' आहे.