चार्ल्स लॉटन

नट म्हटला म्हणजे तो रूपवान असावयाचाच, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु देहाने स्थूल, ओठांनी जाड आणि स्वतःच्या रूपाविषयी आयुष्यभर मनात खंत बाळगणारे एक गृहस्थ थोर नटांच्या पंक्तीस जाऊन बसले. त्यांचे नाव चार्ल्स लॉटन.

चार्ल्स यांचा जन्म १ जुलै १८९९ रोजी इंग्लंडातील स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी झाला. त्यांच्या आईवडिलांचे तेथे हॉटेल होते. थोरल्या मुलाने हाच धंदा पुढे चालवावा, या इच्छेने त्यांनी चार्ल्स यांना लंडनमधील एका नामांकित हॉटेलात उमेदवारीस धाडले. चार्ल्स यांचे चित्त मात्र रंगभूमीवर जडले होते. पुढे पहिल्या महायुद्धात ते साधे शिपाई म्हणून सैन्यात गेले. तेथे १९१८ साली विषारी वायूने त्यांच्या प्रकृतीस अपाय झाला. युद्धाहून परतल्यावर दिवसा हॉटेलचा कारभार आणि फावल्या वेळी हौशी नाटके, असा त्यांचा क्रम चालला. अखेर १९२५ साली घरचा चालता धंदा सोडून ते लंडनच्या नाट्यविद्यालयात दाखल झाले आणि तेथे त्यांनी सुवर्णपदक मिळविले.

त्यानंतर त्यांनी नाना तऱ्हेची माणसे रंगविली. १९३३ च्या चित्रपटातील आठव्या हेन्री राजाच्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक लाभले. क्रूर जहाजकप्तान ब्लाय आणि वृद्ध चित्रकार रेम्ब्राँ या एकमेकांहून अगदी भिन्न व्यक्ती त्यांनी सारख्याच समरसतेने उभ्या केल्या. १९३६ साली पॅरिसच्या विख्यात नाट्यगृहात त्यांनी फ्रेंच भाषेत भूमिका केली.

१९३९ साली त्यांनी चित्रपटात क्वासिमोदो साकारला. हा पॅरिसच्या प्रार्थनामंदिरात घंटा वाजविणारा एक कुबडा! त्याच्या विद्रूपतेला लोक हसतात, त्याला चाबकाचे फटके मारतात. तहानेने व्याकूळ झालेल्या त्या जीवाला एक मुलगी पाणी पाजते, तेव्हा पाहणाऱ्यांचे हृदय हेलावते. कुरूपतेचे शल्य लॉटन यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणूनच त्या कुबड्याचे दुःख त्यांना इतके जिवंत करता आले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेत राहत होते. तेथील जखमी सैनिकांना ते उत्तमोत्तम ग्रंथ वाचून दाखवीत. १९५९ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, शेक्सपियरच्या जन्मगावी त्यांनी लिअर राजाची अवघड भूमिका केली. १५ डिसेंबर १९६२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपले रूप लॉटन यांना कधीच आवडले नाही; परंतु त्यांनी ते लपविले नाही. तेच त्यांनी कलेच्या सेवेस लाविले.